भूत वठवणारी माणसं

'रिंगु' या जपानी भयपटाच्या शेवटी सादाको हे भूत विहिरीतून वर येतं, टीव्हीच्या काचेतून खोलीत सरपटतं आणि उठून उभं राहतं. त्याची चाल जिवंत माणसाची वाटत नाही, कारण तसं कुणी चाललेलंच नाही. रिए इनो ही अभिनेत्री अंगाला झटके देत उलट्या पावली चालली आणि नंतर ती फिल्म उलटी फिरवली. केसांच्या आडून क्षणभर पडदाभर दिसतो तो डोळा तर तिचा नव्हेच. तो युनिटमधल्या एका पुरुषाचा. १९९८ साली हिदेओ नाकाता यांनी केलेल्या या दोन क्लृप्त्यांवर पुढची दहा वर्षं टोकियोपासून हॉलिवूडपर्यंत कित्येकांनी गल्ले भरले. रिए इनो हे नाव मात्र भयपटांच्या शौकिनांनाही चटकन आठवत नाही. सिनेमात तिचा चेहराच दिसत नाही, तेव्हा त्यांना तरी काय म्हणायचं!

जपानी भयपटांवर लिहिताना शाप, व्हिडिओ कॅसेट आणि लांब काळे केस यांचीच उजळणी होते. फार तर दोन-चार दिग्दर्शकांची नावं येतात. मला वाटतं, हा सगळा प्रकार नटाच्या शरीरावर आणि तंत्रज्ञांच्या कारागिरीवर उभा आहे, गोष्ट दुय्यम. कारागिरी जागेवर होती तेव्हा मामुली कथेचे सिनेमेही अंगावर आले. ती सुटली तेव्हा सादाकोसारखं भूतही जाहिरातीतलं बाहुलं झालं.

याची मुळं काबुकीत आहेत. त्सुरुया नानबोकु यांचं 'योत्सुया काइदान' हे नाटक १८२५ साली एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, रंगमंचावर आलं. नवऱ्यानं दगा दिलेली, विषानं चेहरा विद्रूप झालेली ओइवा ही सादाकोची थेट पूर्वज. केस विंचरताना तिच्या हातात पुंजकेच्या पुंजके येतात, हा त्यातला सगळ्यात गाजलेला प्रवेश. पण मला त्याहून मोठी वाटते ती फळीची करामत. एका फळीच्या दोन्ही बाजूंना दोन प्रेतं खिळलेली. फळी उलटते आणि दोन्ही प्रेतं एकच नट वठवतो. ही चलाखी आहे हे प्रेक्षकांना ठाऊक असतं, किंबहुना ती पाहायलाच ते येतात. भूत म्हणजे कुणीतरी मेहनतीनं केलेलं काम, ही समज तिथं पहिल्यापासून आहे. आणि तरीही हे नाटक किंवा त्यावरचा सिनेमा करण्याआधी नटमंडळी ओइवाच्या देवळात जाऊन माथा टेकवून येतात. कारागीर असलं म्हणून काय झालं, धोका कोण पत्करणार?

पडद्यावरच्या 'योत्सुया'च्या अनेक आवृत्त्यांमध्ये नोबुओ नाकागावा यांची १९५९ सालची सर्वांत चांगली. शिंतोहो ही कंपनी कायम ओढाताणीत असलेली. भुतांचे सिनेमे उन्हाळ्यात, ओबोनच्या म्हणजे पितरांच्या दिवसांच्या आसपास लावायचे आणि त्यांवर वर्षाचा हिशेब जुळवायचा, असा तिचा खाक्या. त्या चौकटीत नाकागावांनी शिगेरु आमाचींकडून असा इएमोन, म्हणजे ओइवाचा नवरा, करून घेतला की त्याचा राग येण्याऐवजी किळस येते: लोभी, भित्रा, हलाखीतला सामुराई. कात्सुको वाकासुगींची ओइवा त्याच्यासमोर पाण्यातून वर येते तेव्हा आपण तिच्या बाजूनं असतो. पुढच्या वर्षी त्यांनी 'जिगोकु'मध्ये थेट नरकच उभा केला. १९६१ साली कंपनी बुडाली.

थोडक्या पैशांत भय चांगलं पिकतं, असा सिद्धांत यावरून कुणी मांडेल. तो मोडून काढायला मासाकी कोबायाशींचा 'क्वायदान' (१९६४) पुरेसा आहे. लाफ्कादिओ हर्ननं जपानी लोककथा नव्यानं सांगितल्या. त्याच्या चार कथांचा हा तीन तासांचा सिनेमा. हँगरएवढ्या जागेत सेट उभारले, आकाशं हातानं रंगवली, एका आकाशात तर चक्क डोळे काढले. पण सिनेमा खरा उभा राहतो तो तोरु ताकेमित्सुंच्या ध्वनीवर. 'काळे केस' या पहिल्या कथेत रेन्तारो मिकुनी जुन्या घरात परततात. त्यांच्या धडपडीचे स्वाभाविक आवाज काढून टाकलेले आहेत. त्यांच्या जागी लाकूड फुटल्याचे, तडकल्याचे आवाज, तेही दृश्याशी नेमके न जुळणारे. डोळ्यांना दिसतं ते आणि कानांना ऐकू येतं ते यांच्यामध्ये एक फट राहते आणि भीती त्या फटीतून आत येते. आंधळ्या होइचीच्या कथेत किन्शी त्सुरुता यांनी वाजवलेली बिवा (तंतुवाद्य) ऐकली की मेलेले सरदार ती ऐकायला का येतात, हे वेगळं सांगावं लागत नाही. १९६५ साली कान महोत्सवात याला परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं. पैसा होताच, पण तो सुतार, रंगारी आणि ध्वनिमुद्रकांच्या हातांतून खर्च झाला.

१९६४ सालच्याच, कानेतो शिंदोंच्या 'ओनिबाबा'त सासू-सून उंच गवतात वाट चुकलेल्या सैनिकांना मारतात आणि त्यांची चिलखतं विकून पोट भरतात. नोबुको ओतोवांची सासू मुखवटा चढवते आणि तो निघता निघत नाही. युद्ध आणि भूक यांवरचा इतका खमंग, इतका कामुक भयपट दुसरा नाही. सत्तरच्या दशकात मोठे स्टुडिओ खचत गेले. त्यातलं एकच काही राखायचं तर नोबुहिको ओबायाशींचा 'हाउसु' (१९७७). ओबायाशी जाहिरातपट करणारे. कल्पना त्यांच्या लहान मुलीच्या. पियानो मुलीला खातो वगैरे. हा सिनेमा भयपट आहे की थट्टा, यावर भांडण्यात अर्थ नाही. तो दोन्ही आहे.

आजचा जपानी भयपट जन्मला तो थेट व्हिडिओवर. १९९१ साली नोरिओ त्सुरुतांनी 'होन्तो नि आत्ता कोवाई हानाशी' म्हणजे खऱ्या घडलेल्या भीतीच्या गोष्टी, अशी मालिका व्हिडिओसाठी केली. पटकथा चिआकी कोनाका यांची. भूत मागे कुठेतरी, अंधुक उभं. कॅमेरा त्याच्याकडे धावत नाही. पात्रांनाही ते धड दिसत नाही. भुताचा हेतू सांगू नका, चेहरा स्पष्ट दाखवू नका, अशी कोनाकांची शिस्त होती. पटकथाकार हिरोशी ताकाहाशी आणि दिग्दर्शक कियोशी कुरोसावा (अकिरांशी यांचं नातं नाही) हे या व्हिडिओचं ऋण उघडपणे मान्य करतात. नाकातांची वाट आणखी गमतीची. ते निक्कात्सु स्टुडिओत सहाय्यक होते, मग ब्रिटनमध्ये गेले, तिथं जोसेफ लोझीवर माहितीपट करायला घेतला. त्याला पैसे हवेत म्हणून १९९६ साली ताकाहाशींच्या पटकथेवर स्टुडिओतल्या भुताचा सिनेमा केला. 'रिंगु' त्यानंतरचा, कोजी सुझुकींच्या १९९१ सालच्या कादंबरीवरचा.

इथं एक नाव आवर्जून घ्यायला हवं: छायालेखक जुनइचिरो हायाशी. 'रिंगु', कुरोसावांचा 'काइरो' (२००१) आणि नाकातांचाच 'डार्क वॉटर' (२००२), या पर्वातले तीन कळीचे सिनेमे याच माणसानं टिपले. दोन दिग्दर्शकांच्या सिनेमांत तोच करडा, ओलसर, दिवसाही मावळल्यासारखा उजेड दिसतो, तो योगायोग नव्हे. संगीतकार केन्जी कावाई आणि निर्माते ताकाशिगे इचिसे हीदेखील अशीच, दिग्दर्शकांच्या सावलीत राहिलेली मंडळी. आपण 'जपानी शैली' म्हणतो ती बऱ्याच अंशी या मूठभर लोकांची सवय आहे.

'काइरो'मधला तळघरातला प्रसंग मी या संपूर्ण परंपरेतला सर्वोत्तम मानतो. लाल चिकटपट्टीनं बंद केलेल्या खोलीत एक तरुण शिरतो. भिंतीजवळ एक बाई उभी. ती त्याच्याकडे चालत येते. सावकाश, सरळ. मध्येच तिचा गुडघा लचकतो, ती तोल जाऊन पडता पडता सावरते आणि पुन्हा चालू लागते. बस्स. धक्का नाही, किंचाळी नाही. पण त्या लचकण्यानं अंगावर काटा येतो, कारण भुताला अडखळायचं कारण काय? हे कुठल्याही यंत्राला सुचणारं नाही. नर्तकासारखं शरीर ताब्यात असलेल्या माणसाकडूनच ते करून घेता येतं. कुरोसावा त्या बाईपासून कॅमेरा हलवत नाहीत, आपल्याला पळायला जागा ठेवत नाहीत.

कुरोसावा आणि ताकाहाशी टोकियोच्या ज्या फिल्म स्कूलमध्ये शिकवत होते, तिथलाच विद्यार्थी ताकाशी शिमिझु. १९९८ साली टीव्हीसाठी केलेल्या दोन चिमुकल्या लघुपटांतून 'जु-ऑन' सुरू झाला. २००० साली व्हिडिओवर आला, मग चित्रपटगृहांत. जिन्यावरून सरपटत उतरणारी कायाको म्हणजे ताकाको फुजी. तिनं ही भूमिका त्या लघुपटांपासून दोन अमेरिकी सिनेमांपर्यंत केली आणि मग थांबली. हात-पाय नको तिथं मुडपत उतरणं तिचं स्वतःचं. घशातली ती घरघर खुद्द शिमिझुंची. तिच्यानंतर कायाको पुष्कळ झाल्या. त्या केसांनी आणि रंगानं कायाको आहेत, अंगानं नाहीत.

हॉलिवूडचं प्रकरण लवकर संपवतो. २००२ सालच्या 'द रिंग'नं जगभरात सुमारे २५ कोटी डॉलर कमावले. सुमारे १ कोटी डॉलरमध्ये केलेल्या 'द ग्रज'नं, म्हणजे अमेरिकी 'जु-ऑन'नं, २००४ साली १८ कोटींहून अधिक. शिमिझुंनी तो स्वतः, टोकियोतच केला, म्हणून त्यात जीव आहे. नाकातांनी अमेरिकेत जाऊन केलेला 'द रिंग टू' मात्र कुणाचाच वाटत नाही. इकडे इचिसेंनी सहा दिग्दर्शकांना घेऊन 'जे-हॉरर थिएटर' ही मालिका आखली. २००४ ते २०१० या काळात ती पूर्ण झाली तोवर जोर ओसरला होता.

मग घसरण. २०१२ साली 'सादाको थ्रीडी'त अनेक पायांच्या, किड्यांसारख्या धावणाऱ्या सादाको संगणकानं भराभर निर्माण केल्या. त्याच वर्षी पांढऱ्या झग्यातली सादाको बेसबॉलच्या मैदानात सामन्याचा पहिला चेंडू टाकायला आली. २०१६ साली सादाको आणि कायाकोची झुंज लावली. दिग्दर्शक कोजी शिराइशी. ज्यांनी २००५ साली 'नोरोई'सारखा खोटा पण अस्सल वाटणारा माहितीपट केला तेच. झुंज पाहताना हसू येतं आणि त्यांचीही तीच इच्छा असावी. पण एकदा आपण भुताला हसलो की परत घाबरणं कठीण.

या मरगळीत सगळ्यात चांगली गोष्ट भयपटाच्या वेशीवर घडली. शिनइचिरो उएदा यांचा 'वन कट ऑफ द डेड' (२०१७) अभिनयाच्या कार्यशाळेतून, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या नटांना घेऊन, सुमारे ३० लाख येनमध्ये झाला आणि त्यानं ३ अब्ज येनच्या वर धंदा केला. पहिली ३७ मिनिटं एका दमात घेतलेला, काहीसा भिकार झॉम्बीपट. नंतर तोच सिनेमा कॅमेऱ्यामागून: कोण पळतंय, कोण रक्त उडवतंय, कुणाचं पोट बिघडलंय. युनिट नावाच्या जमावाला इतकी प्रेमळ दाद क्वचितच कुणी दिली असेल.

एक खटकणारी गोष्टही नोंदवतो. ओइवापासून कायाकोपर्यंत भूत बाई. तिचा बळी घेणारा बहुधा नवरा किंवा बाप. आणि ती गोष्ट सांगणारे जवळजवळ सगळे पुरुष. मारी असातो यांच्यासारखी दिग्दर्शिका हा अपवाद. २०२० साली नेटफ्लिक्ससाठी शो मियाके यांनी दिग्दर्शित केलेल्या 'जु-ऑन: ओरिजिन्स'च्या सहा भागांत घरातला अत्याचार पहिल्यांदाच उघड, सोसवणार नाही इतका समोर आला. लेखन पुन्हा ताकाहाशी-इचिसेंचं. त्यात भुतापेक्षा माणसांची भीती वाटते. ही मालिका मला आवडली असं म्हणवत नाही, पण या दशकात तिच्याइतकी धाडसी दुसरी झाली नाही.

गेल्या काही वर्षांत वारं फिरल्यासारखं दिसतं. कादोकावा कंपनीनं नवोदितांसाठी भयपट स्पर्धा सुरू केली. निवड समितीचे प्रमुख शिमिझु. तिथं बक्षीस मिळालेल्या युता शिमोत्सु आणि र्योता कोन्दो यांना आपले लघुपट पूर्ण लांबीचे करता आले. कोन्दोंच्या 'मिसिंग चाइल्ड व्हिडिओटेप'ची जाहिरातच अशी होती की यात संगणकी चित्रं नाहीत, विशेष रंगभूषा नाही, दचकवणं नाही. ही फुशारकी आहे, पण योग्य दिशेची. एक शंका उरतेच. जुन्या कॅसेटचा भुरकटपणा आणि अंधुक आकृती यांचाही आता साचा होऊ लागलाय. त्सुरुतांना ती गरज होती, आजच्यांना ती शैली म्हणून आयती मिळते.

म्हणून माझा भरवसा अजून म्हाताऱ्यांवरच जास्त आहे. १९५५ साली जन्मलेल्या कुरोसावांनी २०२४ साली 'चाइम' केला. स्वयंपाकाच्या वर्गातला एक विद्यार्थी, त्याला ऐकू येणारी घंटा, आणि मुत्सुओ योशिओकांनी केलेला शिक्षक. लांबी ४५ मिनिटं. भूत जवळजवळ नाहीच. स्टीलची चकचकीत भांडी, सुऱ्या, खिडकीबाहेरून जाणारा गाडीचा उजेड आणि एका नटाचा हळूहळू रिकामा होत जाणारा चेहरा. जपानी भयपटाची आज काय अवस्था आहे हे ज्याला तपासायचं असेल त्यानं 'सादाको'चा पुढचा भाग सोडून आधी हा पाहावा, आणि शेवटची नामावली संपेपर्यंत जागेवरून उठू नये.