गौळणीतील मावशी

सारंगखेड्याच्या दत्तयात्रेस लोक घोडे पाहावयास लांबून येतात. मी तमाशाच्या तंबूत शिरतो. शेवटच्या रांगेत, मफलर कानांपर्यंत ओढून. मास्तराने तेथे दिसू नये असा आमच्याकडे संकेत आहे, आणि वर्गात मुलांना तोच उपदेश मीही केलेला आहे.

मला ओढ आहे ती गौळणीतल्या मावशीची. गणात गजाननाला नमन करून जोडलेले हात सुटतात न सुटतात तोच ही बया अवतरते. मिशा कायम, डोक्यावर उपरण्याचा पदर आणि कमरेवर हात! मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची ही पुढारीण. कृष्ण आणि पेंद्या वाट अडवून जकात मागतात, तेव्हा मावशी त्या जगन्नियंत्याची खुशाल उलटतपासणी घेते. ज्याच्या आरतीला आम्ही उभे राहतो तो येथे नाक्यावरचा शिपाई होतो. आता, त्यामुळे कुणाची भक्ती उणावलेली मी तरी पाहिली नाही. ओळखीच्या देवाचीच अशी थट्टा करता येते.

हिला अश्लील म्हणणाऱ्यांनी विलायती बर्लेस्कची कुळकथा पाहावी. १८६८ साली लिडिया थॉम्प्सन ही इंग्रज नटी आपला संच घेऊन न्यूयॉर्कला गेली आणि तिने 'इक्सायन' हे ग्रीक देवादिकांचे विडंबन रंगविले. तिकडे बायका पुरुषांची सोंगे घेत. आपल्या मावशीच्या नेमके उलट. पुढे त्याच नावाखाली वस्त्रे उतरविण्याचा खेळ सुरू झाला. विदूषक राहिले, पण देवांचे विडंबन गेले. १९३७ मध्ये न्यूयॉर्क शहराने त्या नाट्यगृहांचे परवाने रोखले, तेव्हा वाचविण्यासारखे फारसे काही उरले नव्हते.

आपल्याकडे वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'ला (१९६५) शहराने डोक्यावर घेतले. तिकीट काढून पाहिलेली टवाळी कला ठरली; यात्रेतली मात्र अश्लीलच राहिली. ही आमची रसिकता!

गेल्या यात्रेत गौळण उरकलीच. मावशी आली, दोन वाक्ये बोलली, आणि लगेच सिनेमाची गाणी सुरू झाली. चिडून मी मफलर सोडला. शेजारी माझा एक जुना विद्यार्थी बसला होता.

"गुरुजी, तुम्ही बी?"

"मावशीसाठी आलो होतो," मी म्हणालो.

त्याने रंगमंचाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "कोणती मावशी, गुरुजी?"