‘क्नॉक’मधील प्रश्नरचना

ज्यूल रोमँ यांच्या ‘क्नॉक’ (१९२३) या तीन अंकी नाटकास केवळ वैद्यकाची टवाळी मानण्याचा प्रघात अपुरा होय. सँ-मोरीस गावी रोग पसरत नाही. पसरते ती रोगाची परिभाषा. दवंडीवाला भोजनोत्तर अस्वस्थता सांगताना गुदगुली आणि खाज अशा अर्थाची दोन क्रियापदे सैलपणे योजतो. डॉक्टर क्नॉक त्यांतच निदानाचा भेद रोवून निवड मागतो. मूळ फ्रेंच शब्द सयमक (मराठीत हे साधणे कठीणच), अर्थभेद अंधुक. परंतु ‘काहीच नाही’ हा पर्याय प्रश्नाच्या रचनेतच नाही. उत्तर दिले की माणूस रोगी ठरला. तीन महिन्यांत गावातील हॉटेलचे रुग्णालय होते. दहाच्या ठोक्याला २५० तापमापके एकदम लागतात. येथवर प्रेक्षक मोकळेपणी हसतो. पूर्वीचा डॉक्टर पार्पाले स्वतःच्या प्रकृतीविषयी क्नॉकला भीत भीत विचारू लागतो, तेथे मात्र ते हसू आखडते.