योकोहामाची हस्तरंजित छायाचित्रे : पुराव्याच्या ग्राह्यतेची चिकित्सा

प्रस्तावना :
१८५९ मध्ये योकोहामा बंदर परदेशी व्यापारास खुले झाले आणि पुढील काही दशकांत तेथे ‘योकोहामा शाशिन’ या नावाने ओळखला जाणारा स्मरणचित्रांचा व्यवसाय भरभराटीस आला. अल्ब्युमेन कागदावरील एकरंगी छायाचित्रे हाताने रंगवून, लाखकामाची वेष्टने असलेल्या संग्रहांत बांधून ती प्रवाशांना विकली जात. मेइजीकालीन लोकजीवनाचा दृश्य पुरावा म्हणून या चित्रांचा वारंवार आधार घेतला जातो. तो कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विषयांची निवड :
१८७२ मध्ये शिंबाशी-योकोहामा रेल्वे सुरू झाली; १८७६ च्या आदेशाने सामुराईंच्या तलवार धारण करण्यावर बंदी आली. तरीही १८८० च्या दशकातील संग्रहांत चिलखतधारी सामुराई व खांद्यावरून वाहिल्या जाणाऱ्या पालख्या आढळतात. कुसाकाबे किंबेई यांच्या प्रसिद्ध चित्रात वादळी पावसात छत्री सावरणारी स्त्री दिसते. त्यातील वारा व पाऊस दोन्ही कृत्रिम आहेत. प्रत्यक्षात मागे पडत चाललेला जपान येथे वर्तमान म्हणून विकला जात होता.

रंगाचे कार्य :
रंगामुळे चित्र अधिक खरे वाटते. परंतु हा रंग कॅमेऱ्याने टिपलेला नसून रंगकाराने ठरविलेला असतो. एकाच काचेच्या निगेटिव्हवरून काढलेल्या दोन प्रतींत किमोनोचे रंग भिन्न असू शकतात. त्यामुळे वेशभूषेच्या रंगांविषयी या चित्रांवरून केलेली विधाने सावधपणेच स्वीकारावी लागतात.

कर्तृत्वाचा प्रश्न :
या चित्रांकडे केवळ पाश्चात्त्य दृष्टीची निर्मिती म्हणून पाहणेही अपुरे ठरते. १८५८ मध्ये लखनौतील उठावानंतरचे भग्नावशेष टिपणारा फेलिचे बेआतो १८६३ मध्ये योकोहामात आला. त्याच्या व्यवसायात रंगकामाची भिस्त जपानी कारागिरांवर होती. त्याच्याकडे व नंतर बॅरन स्टिलफ्रीडकडे काम केलेल्या किंबेई यांनी पुढे स्वतःचा स्टुडिओ काढला. १८९० च्या दशकात तामामुरा कोझाबुरो यांनी बोस्टनच्या प्रकाशकाची प्रचंड मागणी स्वीकारली. ग्राहक परदेशी असला, तरी त्याची अपेक्षा ओळखून तिचा व्यापार करणारे जपानी व्यावसायिकही होते. मात्र स्टुडिओचालकांची नावे उरली आणि बहुसंख्य रंगकार अनामिक राहिले. शिवाय बेआतोने १८७७ मध्ये आपला संग्रह स्टिलफ्रीड अँड अँडरसन या संस्थेस विकला. अशा हस्तांतरणांमुळे एकच चित्र वेगवेगळ्या नावांखाली विकले गेले आणि छायाचित्रकाराची निश्चितीही अवघड झाली.

निष्कर्ष :
ही छायाचित्रे जपानी जीवनाचा थेट पुरावा ठरत नाहीत; तथापि परकीय अपेक्षा, स्थानिक कौशल्य व बाजारपेठ यांच्या संबंधांचा तो अस्सल पुरावा आहे. त्यांच्या आधारे विधान करणाऱ्या अभ्यासकाने चित्रातील वस्तूंपूर्वी चित्राची घडण तपासणे आवश्यक ठरते. अन्यथा विक्रीसाठी रचलेले दृश्य इतिहास म्हणून नोंदले जाईल आणि त्यावर रंग चढविणारा हात पुन्हा एकदा विस्मृतीत जाईल.