क्रॅगसाइड : घराचे रूप आणि पाण्याचे काम

व्हिक्टोरियन काळातील इंग्लंडमधल्या एखाद्या कंट्री हाउसचे छायाचित्र पाहिले की आपले लक्ष मुख्य इमारतीकडे जाते. तबेले, पंपघर, माळ्यांची घरे, पाण्याची टाकी यांना नकाशात ‘जोडइमारती’ म्हणतात आणि पुस्तकात त्यांच्या वाट्याला शेवटचा परिच्छेद येतो. या पाठात आपण एक घर उलट दिशेने वाचणार आहोत. इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थंबरलंड परगण्यात, रॉथबरी गावाजवळचे हे घर म्हणजे क्रॅगसाइड. माझे म्हणणे आधीच सांगतो: या घराची खरी वास्तुकला त्याच्या दर्शनी भागात नाही, ती परिसरातल्या पाण्याच्या व्यवस्थेत आहे. ते पटते का, हे पाठ वाचून तुम्ही ठरवा.

मालक आणि वास्तुविशारद

घराचे मालक विल्यम आर्मस्ट्राँग (1810–1900). शिक्षणाने वकील, वृत्तीने अभियंता. पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या क्रेनमुळे त्यांचे नाव झाले आणि न्यूकॅसलजवळच्या एल्सविक कारखान्यातून पुढे तोफा आणि युद्धनौकांची सामग्रीही बाहेर पडू लागली. 1863 च्या सुमारास त्यांनी इथे सुट्टीपुरते एक लहान घर बांधायला घेतले. 1869 नंतर रिचर्ड नॉर्मन शॉ या वास्तुविशारदाने ते टप्प्याटप्प्याने वाढवले. हे काम सुमारे पंधरा वर्षे चालले.

दर्शनी भाग : एक आक्षेप

शॉ यांनी वापरलेल्या शैलीला ‘ओल्ड इंग्लिश’ म्हणतात. उतरत्या छपरांखालच्या त्रिकोणी भिंती, उंच धुराडी, वरच्या मजल्यांवर काळ्या लाकडी पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये पांढरा गिलावा. खडकाळ, तीव्र उतारावर हे सगळे एकावर एक चढत जाते आणि खालून पाहताना चित्र जमते, हे मान्य केले पाहिजे. शॉ यांना उतार कळला होता.

पण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने इथे दोन प्रश्न विचारावेत. पहिला: त्या लाकडी पट्ट्या भार वाहतात का? जुन्या इंग्लिश घरांत लाकडी चौकट हाच सांगाडा असे आणि मधली भिंत नुसती भरण असे. इथे भिंती दगडाच्या आहेत आणि लाकूड बहुतांशी देखाव्यासाठी आहे. दुसरा: ही शैली तिथली आहे का? लाकडी चौकटीची, कौलांनी मढवलेली जी घरे शॉ यांनी अभ्यासली ती केंट, ससेक्स, सरे या दक्षिणेकडच्या परगण्यांतली. नॉर्थंबरलंड हा दगडाचा मुलूख. म्हणजे घराने दुसऱ्या प्रांताचे जुनेपण अंगावर घेतले आहे. ज्या घराच्या आत तेव्हाचे सर्वांत नवे तंत्र होते, त्याने बाहेरून तीनशे वर्षे जुने दिसायचे ठरवले.

बैठकीच्या मोठ्या दालनात हा विसंवाद टोकाला जातो. 1884 मध्ये वेल्सचे राजपुत्र आणि राजकन्या इथे आले, त्याच सुमारास हे दालन पूर्ण झाले. त्यात संगमरवराची एक प्रचंड शेकोटी आहे. आराखडा शॉ यांचे सहायक लेथबी यांचा. कारागिरी उत्तम, पण दालनाचा तोल त्या एका वस्तूने बिघडतो. याउलट आधीच्या टप्प्यातले जेवणाचे दालन पाहा. तिथे शेकोटीभोवती बसायला दगडी कोनाडा आहे, त्याचे माप माणसाच्या शरीराशी जुळते. एकाच वास्तुविशारदाची ही दोन दालने आहेत. पहिले घरासाठी, दुसरे पाहुण्यांसाठी.

आता बाहेर चला

आर्मस्ट्राँग यांनी परिसरात पाच तळी तयार केली. टम्बलटन तळ्याखालच्या पंपघरातून पाणी घराच्या वर असलेल्या टाकीत चढवले जाई. त्या दाबावर घरातली लिफ्ट चाले आणि स्वयंपाकघरातली मांस भाजायची सळई फिरे. ग्रंथालयाच्या खाली उष्ण स्नानगृहे आहेत आणि घर तापवण्याच्या व्यवस्थेशी ती जोडलेली आहेत. बागेतल्या काचघरात फळझाडांच्या मोठ्या कुंड्या फिरत्या बैठकांवर होत्या. सर्व बाजूंना सारखे ऊन मिळावे हा हेतू.

1878 मध्ये डेब्डन तळ्याच्या पाण्यावर टर्बाइन आणि सीमेन्सचा डायनॅमो चालवून चित्रांच्या दालनात एक आर्क दिवा लावला गेला. 1880 मध्ये त्याची जागा जोसेफ स्वान यांच्या कार्बनतंतूच्या दिव्यांनी घेतली. जलविद्युतवर उजळलेले जगातले पहिले घर म्हणून क्रॅगसाइडचे नाव घेतले जाते ते यामुळे. टर्बाइनची शक्ती सुमारे 6 अश्वशक्ती, म्हणजे साधारण 4.5 किलोवॅट, घरापासून अंतर सुमारे 1,500 यार्ड, म्हणजे जवळपास 1,370 मीटर.

हे आकडे वहीत मांडून पाहा. शक्ती म्हणजे पाण्याची घनता, गुरुत्वत्वरण, प्रवाह, उंची आणि कार्यक्षमता यांचा गुणाकार. समजा पाणी 10 मीटर उंचीवरून पडते आणि कार्यक्षमता 70 टक्के आहे; तर 4.5 किलोवॅटसाठी सेकंदाला सुमारे 65 लिटर पाणी लागेल. उंची दुप्पट केली तर पाणी निम्मे पुरते. म्हणून पुढे 1886 मध्ये बर्नफूटचे वीजघर बांधताना वरच्या माळरानावरच्या तळ्यांचे पाणी खूप खाली आणले गेले. वीजघराची जागा सौंदर्यदृष्टीने नव्हे, या गणिताने ठरली. तरीही ते साधे दगडी वीजघर आपल्या जागी चपखल बसते. माझ्या मते त्याला ‘ओल्ड इंग्लिश’ वेष द्यावा लागला नाही, हे त्याचे भाग्य.

घराच्या आत ही नवी गोष्ट कशी शिरली तेही पाहा. ग्रंथालयात तांब्यावर मिनाकारी केलेल्या फुलदाण्यांवर दिवे बसवले. फुलदाणी बैठकीवर ठेवली की पाऱ्यातून विद्युतसंपर्क जुळे आणि दिवा लागे; उचलली की विझे. हा विजेचा दिवा अजून फुलदाणीच्या वेषात आहे, पण वेष आणि काम इथे एक झाले आहेत. भिंतीवरच्या लाकडी पट्ट्यांना हे साधलेले नाही.

सोय कोणाची?

1864 मध्ये रॉबर्ट कर या वास्तुविशारदाने सद्गृहस्थाच्या घरावर एक ग्रंथ लिहिला. कुटुंब आणि नोकर यांचे वावर पूर्ण वेगळे ठेवावेत, हे त्याचे प्रमुख सूत्र. क्रॅगसाइडची यंत्रे या चौकटीत वाचली पाहिजेत. लिफ्टने कोळशाचे ओझे वर नेले, हा नोकरांच्या पाठीला खरोखरचा दिलासा होता. पण लिफ्टने नोकरांची संख्या संपवली नाही. पंप, टर्बाइन, तळ्यांचे बांध यांची देखभाल हे नवे काम निर्माण झाले. बागेशेजारच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर कामगारांचा दिवस बेतलेला असे.

आणि पैसा? इराणचे शाह आणि सयामचे राजे इथे पाहुणे म्हणून आले. एल्सविकच्या मालाला परदेशी राज्यकर्त्यांकडे गिऱ्हाईक होते. ओढ्याच्या पाण्यावर लागलेला स्वच्छ दिवा आणि तोफांचा कारखाना एकाच हिशेबवहीत आहेत. यावरून दिव्याचे तंत्र खोटे ठरत नाही. पण घराची समीक्षा करताना फक्त दिव्याबद्दल बोलणे अपुरे आहे.

घर 1977 पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. 2014 मध्ये टम्बलटन तळ्याजवळ आर्किमिडीजच्या पद्धतीचा मोठा स्क्रू बसवला गेला आणि ओढ्याच्या पाण्यावर पुन्हा वीज तयार होऊ लागली. लाकडी पट्ट्यांची शैली आज कोणी नव्याने घेणार नाही. पाण्याची कल्पना मात्र दीडशे वर्षांनी तशीच उचलता आली. माझ्या सुरुवातीच्या विधानाला यापेक्षा मोठा पुरावा मला देता येणार नाही.

विचारासाठी प्रश्न

1. तुमच्या महाविद्यालयाच्या आराखड्यात पंपघर, जनरेटर आणि पाण्याची टाकी कुठे दाखवली आहे? ती जागा कोणत्या कारणाने ठरली असावी?
2. ‘भार न वाहणारा घटक इमारतीत अप्रामाणिक असतो’ या मताशी तुम्ही सहमत आहात का? फुलदाणीच्या दिव्याचे उदाहरण घेऊन उत्तर लिहा.
3. वरच्या उदाहरणात उंची 25 मीटर आणि कार्यक्षमता 75 टक्के धरल्यास किती प्रवाह लागेल?
4. एखाद्या इमारतीचे मूल्यमापन करताना तिच्यासाठी आलेल्या पैशाचा विचार करावा का? बाजूने आणि विरुद्ध प्रत्येकी दोन मुद्दे मांडा.