युक्तिकल्पतरूतील अशुभ नौका

भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' ग्रंथातील नौकाप्रकरणाचा विषय देवळाच्या ओसरीवर निघाला, की माना आदराने डोलू लागतात. आदर योग्यच, पण मापे न पडताळता केलेल्या स्तुतीने ग्रंथाचे काय भले होते, हे आम्हांस कळत नाही.

ग्रंथात सामान्य नौकांचे दहा प्रकार असून त्यांपैकी भीमा, भया व गर्भरा या तीन अशुभ ठरविल्या आहेत. राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ साली 'इंडियन शिपिंग' या ग्रंथात असा तर्क केला, की या नौकांच्या मापांमुळे त्या पाण्यावर समतोल राहत नसाव्यात. तर्क आकर्षक आहे. परंतु तो तेथल्याच आकड्यांपुढे टिकत नाही. भीमेची लांबी ४० हात, रुंदी २०, उंची २०. चपला ४८, २४, २४. भया ७२, ३६, ३६. प्रमाण सर्वत्र एकच! मग चपला निर्दोष आणि तिच्याहून लहान असलेली भीमा तेवढी डळमळीत, हे कसे? दीर्घा वर्गातही रुंदी लांबीच्या अष्टमांश व उंची दशमांश सर्वांनाच सारखी आहे; तरी लोला, गामिनी व प्लाविनी यांच्यावरच ठपका.

खरी उणीव निराळीच आहे. ग्रंथ तीन मापे देतो, पण त्या मापांत तळाच्या घडणीचा पत्ता नाही. आदिलाबादच्या उत्तर सीमेवरील पैनगंगेसारख्या उथळ, वाळूच्या पात्रात सपाट तळाची रुंद नाव सोयीची. ती थोड्या पाण्यात तरंगते आणि माणूस काठाशी पाय ठेवून चढला तरी फारशी कलत नाही. मात्र आडवा वारा सुटला, की तीच नाव बाजूला घसरत जाते. तळाशी कणा असलेली लांबट नाव रेघ धरून चालते, पण वळायला जड. तेलुगू मुलुखातील पुट्टी, म्हणजे बांबूची गोल नाव, तर वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला गिरकी घेऊ पाहते. ४०, २०, २० या एकाच मापात सपाट तळाची नाव बांधता येईल, गोल तळाचीही. दोघींचे वागणे मात्र एक असणार नाही.

अशुभाचे मूळ नावांत शोधावे, तर भीमा आणि भया ही नावे धडकी भरविणारी खरीच, आणि लोला म्हणजे डोलणारी. (पंढरीच्या वारकऱ्यास भीमा अशुभ म्हणून सांगण्याचे धैर्य आमच्यात नाही!) परंतु गर्भरा आणि गामिनी यांच्यापाशी हाही तर्क अडतो.