टांच आणि अंगठा

पायतणांविषयीं लिहावयाचें म्हटलें कीं सुशिक्षित वाचकाच्या कपाळास आठी पडते. पागोट्यावर लेख आले, पातळांच्या काठांवर आले, नथीवर तर कवितांचा पाऊस पडला. परंतु जोडा हा उंबऱ्याबाहेर ठेवावयाचा, तो साहित्याच्या ओसरीवर कसा आणावा, असा आपल्या मनाचा जुना संकोच आहे. हा संकोच निव्वळ सोंवळ्याओंवळ्याचा नाहीं. जोडा शिवणाऱ्याविषयीं आपण पिढ्यान् पिढ्या जी तुच्छता बाळगली तीही त्यांत आहे. एखाद्या वस्तूच्या रूपाचा विचार करावयाचा तर ती घडविणारा मनुष्य कलावंत आहे हें आधीं मान्य करावें लागतें, आणि नेमकें तेंच आपण टाळीत आलों. म्हणून आपल्याकडे दागिन्यांची रसचर्चा पुष्कळ आणि जोड्यांची क्वचित्.

या विषयाकडे आम्ही वळलों त्यास एक घरगुती वाद कारण झाला. झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यांतील तालुका. पैनगंगा ओलांडली कीं तेलंगण लागतें. जमीन बहुतेक काळी, कापसाची. गेल्या मार्गशीर्षांत येथें आमच्या घरीं लग्न होतें. मांडवासाठीं वावराचा एक तुकडा सपाट करून त्यावर धुरळा बसावा म्हणून पाणी शिंपडलेलें. पुण्याहून आलेली आमची पुतणी सुईसारख्या टांचेचे जोडे घालून मांडवांत शिरली आणि चौथ्या पावलास जागच्या जागीं उभी राहिली. टांच जमिनींत रुतली, पाय वर आला, जोडा खालींच राहिला. ती हंसून म्हणाली, "काका, तुमच्या गांवची जमीनच चप्पल ओढून घेते!" आम्हीं जमिनीची बाजू घेतली. टांचेचें टोंक एक चौरस सेंटिमीटर धरलें आणि ५० किलो वजनाच्या मुलीचा निम्मा भार त्यावर आला, तरी तेवढ्याशा जागेवर २५ किलोंचा दाब पडतो. हत्तीचें पाऊल भूमीस इतकें जाचत नाहीं. पुतणीनें हा हिशोब शांतपणें ऐकून घेतला व विचारलें, "जमिनीचें कळलें. पण तुमच्या मतें चांगली टांच कोणती, तें सांगा ना!" त्या वेळीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तें देण्याचा हा प्रयत्न आहे.

टांचेचा जन्म स्त्रियांच्या पायांत झाला नाहीं, हें प्रथम सांगितलें पाहिजे. ती घोडेस्वाराची वस्तु. इराणी स्वार रिकिबींत उभा राहून धनुष्य ओढी, तेव्हां पाय निसटूं नये म्हणून जोड्याच्या मागल्या अंगास उंचवटा असे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इराणशीं संबंध वाढतांच युरोपांतील सरदारांनीं ती उचलली; घोडा तबेल्यांत राहिला आणि टांच दिवाणखान्यांत आली. फ्रान्सचा चौदावा लुई तांबड्या टांचेचे जोडे घाली. १७०१ सालीं रिगो या चित्रकारानें काढलेल्या त्याच्या तसबिरींत ते स्पष्ट दिसतात, आणि ती टांच दाखविण्यासाठींच पाय पुढें केला आहे कीं काय असें वाटतें. स्त्रियांनीं टांच घेतली ती पुरुषांचें पाहून. अठराव्या शतकांत पुरुषांनीं ती हळूहळू टाकली व नंतर ती बायकांच्या चंचलपणाची खूण म्हणून त्यांच्याच माथीं मारली. पुरुषांनीं टाकलेल्या वस्तूवरून स्त्रियांस हंसण्याची रीति कांहीं एकाच देशाची नाहीं.

आमच्या इकडे घोडे काय कमी होते? मग टांच कां आली नाहीं? आमचा तर्क असा कीं आपला भर पूर्वीपासून अंगठ्यावर. सांचीच्या शिल्पांतील स्वारांच्या पायाशीं जें रिकिबीचें आद्य रूप दिसतें तें पायाच्या पुढल्या भागापुरतेंच, दोरीच्या फांसासारखें आहे. उष्ण देशांतील उघड्या पायास तेवढें पुरे. खडावांची खुंटीही अंगठा व त्याशेजारचें बोट यांच्यामध्यें. चपलेला अंगठा, विंचवाला अंगठा, जोडव्यांच्या पंक्तींतही मान अंगठ्याजवळच्या बोटाचा. खडाव मनुष्यास उंच करते खरी, परंतु टांच आणि चवडा दोघांस सारखेंच उचलते. पंढरीच्या विटेवर पाय सम आहेत. वीट देवास उंच करते, पुढें झुकवीत नाहीं. युरोपियन टांच मात्र मनुष्यास उंच करतांना पुढें ढकलते. तिच्यावर उभें राहणें म्हणजे सदा निघण्याच्या बेतांत असणें. तिची मोहिनी त्यांतच आहे आणि तिचा त्रासही त्यांतच.

आतां आकारांकडे वळूं. हॉगार्थ या इंग्रज चित्रकारानें १७५३ सालीं सौंदर्याच्या मीमांसेवर ग्रंथ लिहिला, त्यांत नागमोडी रेषा ही सौंदर्याची रेषा ठरवून, खुर्च्यांचे पाय आणि स्त्रियांच्या कांचोळ्या यांच्या आकृति फार सरळ ते फार वांकड्या अशा क्रमानें मांडल्या व मधली पसंत केली. ग्रंथ वाचतांना आम्हांस विद्यार्थिदशेंत हंसू आलें होतें. आज तो मनुष्य थोर वाटतो. खुर्चीच्या पायावर जो विचार करूं शकतो त्याच्या टीकेस कांहीं आधार असतो. त्याच्या कसोटीस उतरणारी टांच म्हणजे लुईच्या नांवानें ओळखली जाणारी: वर रुंद, मध्यें कंबरेसारखी आंत गेलेली, तळाशीं पुन्हां थोडी पसरलेली. जोड्याचा तळ आणि टांच यांची रेषा तेथें तुटत नाहीं, वाहत खालीं येते. पुस्तकांतील चित्रें पाहून निवड करावयाची झाल्यास आम्ही हीच निवडूं. सुईटांचेंत ही रेषाच नाहीं. ती १९५० नंतरच्या दशकांतील. रोजे व्हिव्हिये व त्याच्यासारख्या कारागिरांनीं टांचेच्या पोटांत धातूची कांब घातली म्हणून ती शक्य झाली. लांकूड एकटें इतकें बारीक होऊन भार सोसत नाहीं. तिचें नांवच मुळीं इटालियन खंजिरावरून पडलें. तिच्यांत धाडस आहे, कौशल्य आहे. परंतु ती पाहतांना डोळा जोड्यावर ठरत नाहीं, मोडेल कीं काय या भीतीवर ठरतो. भीति हा एक रस आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. तो रोज सकाळीं पायांत घालावा काय, एवढाच प्रश्न.

पाचरीच्या टांचेस मात्र आम्ही अधिक मान देतों, कारण ती अडचणींतून जन्मली. इटलीनें १९३५ सालीं अबिसीनियावर स्वारी केली, तिच्यावर निर्बंध आले, जोड्यांच्या कमानींत घालावयाचें चांगलें पोलाद मिळेनासें झालें. तेव्हां फेरागामो यानें बुचाचे तुकडे चिकटवून टांच व तळ यांमधील पोकळीच भरून टाकली. दिसावयास ती जड आहे. पण पायाखालीं कांहीं तरी आहे असा भरंवसा तींत वाटतो.

आपल्याकडे उंच टांच रुळली ती नऊवारीबरोबर नव्हे. नऊवारींत घोटा मोकळा असतो, पाऊल लांब पडतें. तेथें टांच उपरी दिसते. पांचवारी आली, निऱ्या जमिनीपर्यंत उतरल्या, मग टांचेस आडोसा मिळाला. पातळाखालची टांच दिसत नाहीं, ती ऐकूं येते. म्हणून तिचा न्याय डोळ्यानें करण्यापेक्षां चालीच्या लयीवरून केला पाहिजे, आणि या दृष्टीनें आखूड, जाड, जवळजवळ सरळ उतरणारी जी क्यूबन टांच, ती पातळास शोभते असें आमचें मत आहे. चाल ठाम राहते, निऱ्या उधळत नाहींत.

जुना मराठी जोडा हा तर निराळाच पंथ. चढाव हें नांव कानास उंच लागतें. पण त्याची ऐट सारी पुढच्या अंगाची. पुणेरी जोड्याचेंही तसेंच: तांबूस चामडें, चोंच काढलेलें टोंक, टांच जेमतेम. २७ डिसेंबर १९०७ रोजीं सुरतेच्या काँग्रेसमध्यें व्यासपीठावर एक जोडा भिरकावला गेला; तो सुरेंद्रनाथ बानर्जींस लागून फिरोजशहा मेथांवर आदळला. नेव्हिन्सन हा इंग्रज वार्ताहर तेथें हजर होता. एवढ्या धुमश्चक्रींतही त्यानें चामड्याचा तांबूस रंग, निमुळतें टोंक आणि तळाला ठोकलेलें शिसें हीं टिपून ठेविलीं. राष्ट्रीय सभा दुभंगली हें दुःख खरें. परंतु उडत्या जोड्याचेंही इतकें चोख रसग्रहण पुढें कोणीं केल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

कोल्हापुरी चपलेचें भाग्य यापेक्षां मोठें. जून २०२५ मध्यें मिलान येथें प्राडा या धनाढ्य पेढीनें पुरुषांच्या पोषाखांच्या प्रदर्शनांत अगदीं तशाच चपला मांडल्या आणि आरंभीं कोल्हापूरचें नांव घेतलें नाहीं. महाराष्ट्रांत ओरड झाली, तेव्हां भारतीय कारागिरीचें ऋण मान्य करण्यांत आलें. या चपलेस २०१९ सालींच भौगोलिक निर्देशाचें संरक्षण मिळालें होतें, व तें महाराष्ट्रांतील चार आणि कर्नाटकांतील चार अशा आठ जिल्ह्यांचें सामायिक आहे. त्या वादांत हक्काची, किंमतीची, मानाची चर्चा झाली. ती व्हावयासच हवी होती. पण त्या चपलेंत सुंदर काय आहे, हें सांगणारा आम्हांस क्वचित् भेटला. जणूं परकीयांनीं उचलली हाच तिच्या सौंदर्याचा पुरावा!

आमच्या मतें तिचें सौंदर्य तिच्या प्रामाणिकपणांत आहे. बाभळीच्या सालीनें व हिरड्यानें कमावलेलें चामडें आपला रंग लपवीत नाहीं. तळ चामड्याच्या वादीनें शिवलेला असतो, आणि ते टांके उघड्यावर असून तेच नक्षीचें काम करतात. दोन्ही बाजूंचे कान, मधला पट्टा, त्यावरील वेणी, पुढचा अंगठा, यांपैकीं एकही अवयव केवळ शोभेचा नाहीं. कापशीच्या घाटाची चपल पाहावी. रुंद कान आणि निमुळता अंगठा यांचें प्रमाण असें साधलेलें असतें कीं पाय घातल्यावांचूनही ती चालतांना दिसते. अलीकडे बाजारांत हिलाच उंच टांच लावून विकतात. येथें मात्र आमची तक्रार आहे, आणि ती पुराणप्रियतेची नव्हे. टांच पायास पुढें लोटते; बुटांत त्यास पुढचें चामडें अडवितें, पण चपलेंत सारा लोट एकट्या अंगठ्यावर येतो व बोटाच्या बेचक्यांत वादी कांपते. टांच आणि अंगठा या दोन निरनिराळ्या विचारसरणी आहेत. दोन बोटांच्या उंचीपर्यंत त्यांचा संसार चालतो, पुढें नाहीं.

इतकें लिहून आम्ही थांबलों असतों. परंतु गेल्या स्नेहसंमेलनांतील एक प्रसंग मन सोडीत नाहीं. आमच्या वर्गांतील एका कोलाम पोडावरची मुलगी वणीहून आणलेले उंच, बारीक टांचेचे जोडे घालून बक्षीस घेण्यास व्यासपीठावर चढली. फळ्यांवर टकटक आवाज झाला, मागें मुलें हंसलीं. कार्यक्रम संपल्यावर आम्हीं आपल्या मतें वडिलकीनें तिला म्हटलें कीं इकडच्या मातींत असल्या टांचा निभत नाहींत. ती म्हणाली, "माह्या मायनं जिंदगीभर अनवाणीच कापूस येचला, सर. मले टाचच आवडते." आम्हांस हॉगार्थ आठवला नाहीं, लुईही आठवला नाहीं. आठवलें तें हें कीं आनंदीबाई जोशी मुंबईंत पायांत बूटमोजे घालून शाळेस निघत, तेव्हां रस्त्यांतील लोक त्यांची कुचेष्टा करीत. आणि कित्येक गांवीं अस्पृश्य मानलेल्या मनुष्यास वाड्यावरून जातांना आपला जोडा हातांत घ्यावा लागे. कोणीं काय घालावें हें ठरविण्याची संवय आपल्या हाडींमासीं अशी मुरलेली आहे कीं ती रसिकतेचा अंगरखा घालूनही येते. आमचा सल्ला मातीपुरता खरा होता. तो न मागतां दिला, आणि सर्वांदेखत हंसें झालेल्या मुलीला दिला, हें वाईट झालें. तिच्या जोड्यांची घडण सुमार होती, टांच एका बाजूस कललेली होती, हें आमचें मत आजही कायम आहे. पण त्या फळ्यांवरून ती ज्या ताठ मानेनें चालली, त्यास त्या वांकड्या टांचेचाही कांहीं आधार होता.

पुतणीच्या जोड्यांचें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. एका टांचेचें टोंक मांडवांतच निखळलें होतें. मुकुटबनच्या आठवडी बाजारांत गोणपाट अंथरून बसणाऱ्या एका कारागिराकडे आम्ही ते घेऊन गेलों. त्यानें जोडा हातांत फिरवून पाहिला, आंतली कांब नखानें टोंकरली आणि "हे कामगिरी कोनाची व्हय?" असें मोठ्या आदरानें विचारलें. मग जुन्या टायरचा एक तुकडा कापून, रुपयाहून अंमळ मोठा गोल करून दोन्ही टांचांच्या तळाशीं ठोकला व कडा रापीनें तासल्या. लुईची ती तळाशीं पसरणारी रेषा आपोआप तेथें आली! आम्हीं जोडे पुण्यास पाठविले. पुतणीचें उत्तर आलें: "काका, ही टांच नव्हे, हत्तीचा पाय आहे." तिला तो घाट आवडला नाहीं. आम्हांस आवडला.