‘वेक’मध्ये मावलेलं आणि बाहेर राहिलेलं

डेड कॅन डान्स या बँडचं ‘सर्वोत्तम गाणी’ छापाचं संकलन काढणं हे मुळातच अडचणीचं काम आहे. लिसा गेरार्ड आणि ब्रेंडन पेरी या जोडीने सिंगल क्वचितच काढली. त्यांचा प्रत्येक अल्बम सलग ऐकावा अशाच बेताने रचलेला असतो. तरीही २००३ साली फोरएडी या त्यांच्या लंडनच्या कंपनीने ‘वेक’ बाजारात आणलं. त्यात दोन सीडी आणि २६ रचना आहेत, आणि १९८१पासून १९९८मध्ये जोडी फुटेपर्यंतचा सगळा प्रवास आहे. डार्कवेव्ह, म्हणजे ही जोडी ज्यात मोडते तो अंधाऱ्या सुरांचा प्रकार, ऐकायला सुरुवात करणाऱ्याला मी आजही हेच संकलन सुचवतो. पण ते अपुरं आहे. ते कुठे अपुरं पडतं हे नीट पाहिलं, तर या संगीतप्रकाराचं पुढे काय झालं याचाही अंदाज येतो.

पेरी आला पंकमधून. लंडनमध्ये जन्म, तरुणपण न्यूझीलंडमध्ये आणि तिथेच पंक बँडमध्ये उमेदवारी. गेरार्ड मेलबर्नची. ती वाढली त्या वस्तीत ग्रीक आणि तुर्की कुटुंबं होती, त्यांची गाणी लहानपणापासून कानावर पडत होती. १९८१मध्ये मेलबर्नला बँड उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी दोघं लंडनला येऊन पूर्व भागातल्या एका सरकारी वसाहतीत राहू लागली. १९८४च्या पहिल्या अल्बममध्ये त्या काळच्या इंग्लंडचा सगळा अंधार आहे: प्रतिध्वनीत बुडालेली गिटार, पुढे सरसावणारा बेस, आदळणारे ड्रम. ‘वेक’ने या अल्बमचं एकही मूळ ध्वनिमुद्रण घेतलेलं नाही. ‘फ्रंटियर’ आहे, पण तेही डेमोच्या रूपात. १९९१च्या ‘अ पॅसेज इन टाइम’ या आधीच्या संकलनानेही हा अल्बम वगळलाच होता. ही मला मोठी चूक वाटते. गिटारच्या त्या भिंतीतून ही दोघं बाहेर पडली, हेच तर त्यांचं कर्तृत्व. भिंत दाखवलीच नाही, तर बाहेर पडण्याचं मोल श्रोत्याला कसं कळणार?

बाहेर पडणं फार झपाट्याने झालं. १९८५च्या ‘स्प्लीन अँड आयडियल’मध्ये चेलो, ट्रॉम्बोन आणि टिंपनी आले, नाव आलं बोदलेअरकडून. १९८७च्या ‘विदिन द रेल्म ऑफ अ डाइंग सन’मध्ये तर दोन आवाजांनी घराची वाटणीच केली. पहिल्या बाजूवर पेरीचा खर्जातला, शब्द तोलून म्हणणारा आवाज, दुसऱ्या बाजूवर गेरार्डचा. तबकडी उलटायची म्हणजे एका माणसाच्या विषादातून दुसऱ्याच्या आर्जवात जायचं. मुखपृष्ठावर पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीतलं रास्पाय कुटुंबाचं थडगं आहे, आणि आतल्या संगीताची बांधणीही तशीच दगडी, ठाम आहे. ‘वेक’ने या अल्बममधून चार रचना घेतल्या, पण त्यांची जागा मोडून. दुसऱ्या बाजूवरचं ‘समनिंग ऑफ द म्यूझ’ आधी येतं आणि पहिल्या बाजूवरचं ‘विंडफॉल’ त्याच्या मागून. ‘झेवियर’ नाही, ‘पर्सेफोनी’ नाही. प्रत्येक रचना एकटी ऐकली तर सुंदरच आहे. पण वाटणी नाहीशी झाली, आणि त्या वाटणीतला अर्थही गेला.

१९८८च्या ‘द होस्ट ऑफ सेराफिम’वर मात्र थांबायलाच हवं, कारण ते कुठेही ठेवा, आपली जागा आपणच करून घेतं. सहा मिनिटांहून जरा मोठी ही रचना आहे. खाली ऑर्गनसारखा एक अखंड स्वर धरलेला असतो. तंबोऱ्याच्या सोबतीने कान तयार झालेल्या आपल्या श्रोत्याला हा धरलेला स्वर परका वाटत नाही. त्यावर गेरार्डचा आवाज उतरतो. त्यात शब्द नाहीत, म्हणजे कुठल्याही भाषेतले नाहीत. ती बरंचसं असंच गाते, अक्षरं तिची स्वतःची, उच्चार तिचे स्वतःचे. पण त्या अक्षरांना व्यंजनांची धार आहे, श्वासाची ठाम जागा आहे, आणि वाक्य संपावं तशी प्रत्येक ओळ संपते. मग मागून आवाजांचे थर चढत जातात आणि गाणारी बाई एकटी आहे की समुदाय, हे सांगता येईनासं होतं. रॉन फ्रिकने १९९२च्या ‘बराका’ या निवेदनाशिवायच्या चित्रपटात हीच रचना वापरली, ती कोलकात्याच्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर वेचणाऱ्या बायका-मुलांच्या दृश्यांवर. हे संगीत सजावट म्हणून लावता येत नाही, ते पाहणाऱ्याकडून काहीतरी मागतं. पुढच्या काळात भव्यतेची गरज पडली की दिग्दर्शक गेरार्डकडे वळू लागले. २०००चा ‘ग्लॅडिएटर’ सर्वांना ठाऊक आहेच. तिथे तिच्या आवाजाची चाहूल आहे, पण ‘सेराफिम’मधली तहान नाही.

१९९०चा ‘एऑन’ मुखपृष्ठावर बॉशच्या चित्राचा तुकडा घेऊन आला आणि आत चौदाव्या शतकातलं इटालियन नृत्य, जुनी कातालान भविष्यवाणी, गोंगोराची स्पॅनिश कविता. ‘वेक’ने त्यातून नृत्याचं ‘साल्तारेलो’ आणि पेरीचं ‘ब्लॅक सन’ उचललं. भविष्यवाणीचं ‘द साँग ऑफ द सिबिल’ वगळलं, आणि अल्बमचा कणाच निघाला. ‘साल्तारेलो’ एकटं ऐकलं तर जत्रेतलं वाजवणं वाटतं. ‘सिबिल’ शेजारी असली की कळतं की हा आनंद जगाच्या अंताची वार्ता ऐकत नाचतो आहे.

दुसरी सीडी जास्त सुखाची आहे. आयर्लंडमधल्या काउंटी कॅव्हनमध्ये एका जुन्या चर्चमध्ये पेरीने स्टुडिओ थाटला होता. गेरार्ड ऑस्ट्रेलियाहून तिथे आली आणि दोघांनी बाहेरचा एकही वादक न घेता १९९३चा ‘इंटू द लॅबिरिंथ’ केला. ब्रेख्तच्या शब्दांवरचं ‘हाऊ फॉर्च्युनेट द मॅन विथ नन’ इथे अखेरीस ठेवलं आहे, आणि ही निवड पूर्णपणे योग्य आहे. ‘टोअर्ड द विदिन’ या १९९४च्या थेट ध्वनिमुद्रणातल्या चार रचना घेतल्या, हेही शहाणपणाचं. त्या मैफिलीतल्या पंधरापैकी चारच रचना आधीच्या अल्बमांमध्ये होत्या, म्हणजे या जोडीचं कितीतरी उत्तम काम स्टुडिओपर्यंत पोचलंच नव्हतं. ‘सानव्हीन’ ऐकताना हे विशेष जाणवतं. १९९६च्या ‘स्पिरिटचेसर’मधलं ‘इंडस’ मात्र गाळलं आहे. त्या रचनेची सुरावट जॉर्ज हॅरिसनच्या ‘विदिन यू विदाउट यू’च्या इतकी जवळ गेली की श्रेय त्यालाही द्यावं लागलं. एका इंग्लिश माणसाने भारताकडून ऐकून घेतलेलं काहीतरी पुन्हा दुसऱ्यांच्या हातून सिंधूच्या नावाने परत येतं, हा प्रवास या संकलनात हवा होता.

आता आजची स्थिती. लाइपझिगला १९९२पासून वेव्ह-गोटिक-ट्रेफेन हा महोत्सव भरतो, अमेरिकेत प्रोजेक्ट रेकॉर्ड्सने हे संगीत टिकवलं, आणि गेल्या काही वर्षांत डार्कवेव्हला नवा, तरुण श्रोता मिळाला आहे. मिन्स्कच्या मोलचात दोमा या बँडचं २०१८च्या ‘एताझी’ अल्बममधलं ‘सुदनो’ हे गाणं २०२०मध्ये टिकटॉकवरून जगभर पसरलं. त्या गाण्याचे शब्द म्हणजे बोरिस रिझी या रशियन कवीची कविता, ती अशा रीतीने लाखो मुलांच्या कानी गेली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ड्रम मशीन, थंड बेस, खर्जातला आवाज यांच्या जोरावर उभं असलेलं हे संगीत १९८४च्या त्या पहिल्या भिंतीच्या फार जवळ आहे. नव्या बँडांनी अंधार घेतला. त्या अंधारात वाचणारी, जुनी हस्तलिखितं उकलणारी, परक्या वाद्यांना हात घालणारी उत्सुकता फार थोड्यांनी घेतली. स्ट्रीमिंगच्या यादीत तर प्रत्येक गाणं सुटंच येतं. ‘वेक’ने जे थोडंफार मोडलं, ते तिथे रोज, कुणी लक्षही न देता मोडलं जातं.

डेड कॅन डान्स पुन्हा एकत्र आले. २०१२ला ‘अनास्तासिस’ आला, आणि २०१८ला ‘डायोनायसस’. हा शेवटचा अल्बम दोन अंकांत, सात भागांत बांधला आहे आणि प्रत्येक अंक सलग एकच रचना म्हणून दिला आहे. पुढचं संकलन काढणाऱ्याला त्यातून एक ‘गाणं’ कापून घ्यायचं झालं, तर कुठे कात्री लावायची हे आधी ठरवावं लागेल.